पोस्टर की पंचनामा?

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला वाचनाची भीती राहत नाही. गेली एकवीस वर्षे मी बँकेत चिकटलेलो आहे आणि या काळात मी जे जे वाचले आहे ते वाचायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. कर्जाच्या करारनाम्याची मागली बाजू मी वाचलेली आहे. हेड ऑफिसची परिपत्रके, त्या परिपत्रकांच्या दुरुस्त्या आणि त्या दुरुस्त्यांचे खुलासे मी वाचलेले आहेत. हातच्या अक्षरातला जुना सातबारा तर मी चष्म्याशिवाय वाचतो. अशा या पट्टीच्या वाचकाने परवा एका कागदापुढे सपशेल हात टेकले. तो कागद म्हणजे माझ्या पुतणीचे संशोधन-पोस्टर.

पुतणी एम.एस्सी. करते. आमच्या घराण्यात एम.एस्सी.पर्यंत पोचलेली ती पहिलीच. मी बी.कॉम., म्हणजे मधल्याच थांब्यावर उतरलेला प्रवासी. २००६ सालापासून आपल्या महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ नावाची संशोधन स्पर्धा भरते. तीत मुले आपापले संशोधन पोस्टरवर मांडतात. तिच्या धर्तीवर आता गावोगावच्या कॉलेजांतूनही स्पर्धा निघाल्या आहेत. अशाच एका स्पर्धेसाठी पोरीने पोस्टर केले आणि छापून आणायला काकाला पैसे मागितले. आकार मीटर बाय मीटर. म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. काकाने हिशेब करून पैसे दिले. पैसे देताना मजकूर वाचायची माझी सवय असती, तर मी बँकेत साहेब झालो असतो.

संध्याकाळी पोस्टर घरी आले. सोप्यात कॅलेंडरच्या खिळ्याला टांगले. सगळे घर लांबून बघून म्हणाले, “झकास!” मग सगळे घर जवळ गेले आणि गप्प झाले.

शीर्षक तीन ओळींचे. ‘शिरोळ तालुक्यातील निवडक क्षारपड मृदांच्या भौतिक व रासायनिक गुणधर्मांचा भूमिगत निचरा प्रणालीच्या संदर्भातील तुलनात्मक अभ्यास : एक चिकित्सक दृष्टिक्षेप’. एवढे वाचेपर्यंत वहिनींचा चहा निवला. शीर्षकाच्या दोन्ही अंगांना बोधचिन्हे. मी मोजली, सात भरली. त्याखाली प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, पूर्वसंशोधनाचा आढावा, अभ्यासक्षेत्र, पद्धती, सहा तक्ते, चार आलेख, चर्चा, निष्कर्ष, शिफारशी, ऋणनिर्देश. आणि हे सगळे कशावर? तर हिरव्यागार उसाच्या फोटोवर! उसाच्या पाल्यात काळी अक्षरे अशी शिरली होती, की वाचायला कोयता घेऊन आत उतरावे.

तेवढ्यात थोरले बंधू रानातून आले. त्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो; त्यांची लेकही अण्णाच म्हणते. हातपाय धुऊन, चष्मा लावून, लेकीच्या कौतुकाने ते पोस्टरपुढे उभे राहिले. पाच मिनिटे हलले नाहीत. मग विचारते झाले,

“ह्यात आपलं रान कुठं हाय गं?”

“हे काय अण्णा, तक्ता तीनमध्ये. एस-थ्री.”

“एस-थ्री?” अण्णा म्हणाले, “बा मरताना ‘वढ्याकडचं रान’ म्हणून सांगून गेला. तू त्येचं एस-थ्री केलंस व्हय?”

पोरगी हसली. अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, “बरं ऱ्हाऊ दे. पाइप घालायच्या का न्हाई, तेवढं कुठं लिवलंय सांग.”

पोरगी खाली वाकली. निष्कर्ष तळाला उजव्या कोपऱ्यात होता आणि तो कोपरा जोंधळ्याच्या पोत्याआड गेला होता. पोते सरकवले. निष्कर्ष असा : ‘प्रस्तुत अभ्यासावरून भूमिगत निचऱ्याचा मृदेच्या विद्युतवाहकतेवर अनुकूल परिणाम संभवतो असे निदर्शनास येते, तथापि अधिक संशोधनाची आवश्यकता आहे.’

अण्णांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला. म्हणाले, “म्हंजी घालायच्या का न्हाई?”

वाचकहो, त्या ‘संभवतो’ला आमचे अडीच एकर रान लोंबकळत होते.

शिरोळ तालुक्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आमच्याकडे पाण्याला तोटा नाही, हेच आमचे दुखणे. कृष्णा आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला भेटतात. जमीन काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी. पीक उसाचे. ऊस म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे ऊस, हे सूत्र दोन पिढ्या पाळले. वर २००५, २०१९ आणि २०२१ साली महापुरांनी रान धुतले की बुडवले ते देवच जाणे. पाण्याला निचरा नाही, त्यामुळे जमिनीतली पाण्याची पातळी वर चढते. ते पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पृष्ठभागावर येते, उन्हाने उडून जाते आणि विरघळलेले क्षार मागे ठेवून जाते. रानावर पांढरे फुटते. उगवण विरळ होते, पाने करपतात आणि शेवटी ज्या रानाने लेकी उजवल्या त्या रानात लव्हाळा माजतो. सरकार त्याला क्षारपड म्हणते. अण्णा नुसतेच “रान गेलं” म्हणतात.

यावर उपाय आहे. जमिनीखाली सुमारे तीन-चार फुटांवर भोके पाडलेल्या पाइपांच्या ओळी घालायच्या, त्या मोठ्या पाइपला जोडायच्या आणि पाणी ओढ्यात काढून द्यायचे. म्हणजे पावसाचे पाणी मुरताना क्षार धुऊन नेते. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने शेतकऱ्यांचे गट करून तालुक्यात हे काम उभे केले आहे. पण पाइपला पैसा लागतो. पैसा म्हणजे कर्ज. आणि कर्ज म्हटले की कर्ता माणूस रात्री कूस बदलत राहतो. हे मी काउंटरच्या अलीकडून रोज बघतो आणि घरी पलीकडच्या खोलीत ऐकतो.

पोरीने नेमके हेच तपासले होते. शेजारच्या पाइप घातलेल्या रानातली माती आणि आमच्या न घातलेल्या रानातली माती, दोन पावसाळे, एकाच खोलीवरची. उन्हातान्हात तिने पिशव्या भरल्या. उत्तर तिच्याकडे होते. शेजारच्या रानातले क्षार निम्म्यावर आले होते, आमचे होते तिथेच होते. एवढी सोन्यासारखी गोष्ट तिने पावणेअकरा चौरस फुटांत अशी पुरली होती, की बापाला आपल्याच रानाचा पत्ता लागेना!

म्हणून हे भांडण. माझे म्हणणे सरळ आहे : पोस्टर म्हणजे भिंतीला टांगलेला प्रबंध नव्हे. ज्यांना तसे वाटते त्यांनी प्रबंधच टांगावा, निदान पाने उलटता तरी येतील.

मी कॉमर्सचा माणूस. मला पासबुकावरून कळते. एकवीस वर्षांत पासबुक हातात घेऊन पहिल्या पानापासून वाचत बसलेला खातेदार मी पाहिलेला नाही. प्रत्येक जण शेवटची ओळ बघतो. शिल्लक पटली तर मुकाट घरी जातो. नाही पटली तर मग मागे मागे जात एकेक नोंद तपासतो आणि आमचे डोके खातो. संशोधनाचेही तसेच असावे. आधी शिल्लक, मग नोंदी. आमच्या पोस्टरांत मात्र नोंदी छातीसमोर आणि शिल्लक पोत्याआड.

पुढचा हिशेबही मांडून बघा. पोरीच्या पोस्टरवर दोन हजार शब्द होते. मिनिटाला दोनशे शब्द धरले तर दहा मिनिटे. स्पर्धेत साठ पोस्टरे असतील तर सहाशे मिनिटे, म्हणजे दहा तास. परीक्षकाला वेळ दोन तास, त्यात चहा आणि सत्कार. हाती उरली प्रत्येकी दोन मिनिटे, आणि तीही नारळ-शाल लवकर आटोपली तर. मग तो माणूस वाचील काय? तो बोधचिन्हे मोजील, जशी मी मोजली.

वास्तविक पोस्टर निघाले ते गर्दीत बोलता यावे म्हणून. १९६९ साली माद्रिदला युरोपातल्या जीवरसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत ही पद्धत आली आणि १९७४ साली अमेरिकेत मिनीॲपोलिसच्या परिषदेत ती तिकडेही रुजली. व्यासपीठे थोडी, बोलणारे फार. तेव्हा प्रत्येकाने आपला कागद टांगावा, शेजारी उभे राहावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलावे. म्हणजे पोस्टर ही बोलण्याची सुरुवात. पण पुढे तिकडेही कागदावर मुंगळ्यांचे वारूळ फुटले. शेवटी २०१९ साली माइक मॉरिसन नावाच्या मानसशास्त्राच्या एका अमेरिकन विद्यार्थ्याने बंड केले. मधोमध, साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत निष्कर्ष लिहा. बाकीचा संसार कडेला मांडा. आणि ज्याला सगळे हवे त्याच्यासाठी मोबाइलने टिपायचा चौकोन ठेवा. पानपट्टीवर पैसे भरायला लावलेला असतो, तोच चौकोन. त्यावरही तिकडे वाद झाले. कोणी म्हणाले पोस्टर उघडेबोडके दिसते, कोणी म्हणाले आकडे कुठे गेले. पण लोक लांबून वाचू लागले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आणि मी म्हणतो, यासाठी अमेरिकेला कशाला जायला हवे? आमचा जिल्हा कोल्हापूर. बाबुराव पेंटरांचा जिल्हा. १९२० साली ‘सैरंध्री’ काढणारा हा माणूस आपल्या चित्रपटांची पोस्टरेही स्वतः रंगवी. त्यांच्या १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर आजवर टिकलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत मोडते. त्या काळी कितीतरी प्रेक्षकांना अक्षर ओळख नव्हती. बाबुरावांनी जर पोस्टरवर ‘चित्रपटाची उद्दिष्टे व गृहीतके’ लिहिली असती, तर तंबूत डोअरकीपर एकटाच बसला असता.

कुस्तीच्या मैदानाचे पोस्टर घ्या. दोन पैलवान, मधे इनामाचा आकडा, खाली गाव आणि तारीख. एस.टी.च्या खिडकीतून वाचून होते. पावसाळ्यात तर सारा जिल्हा दोन आकड्यांवर जगतो : राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ साली पंचावन्न फुटांच्या वर पाणी गेले, तेव्हा कोणी पर्जन्यमानाचा तक्ता मागितला नाही. आकडा ऐकला आणि जनावरे सोडली. नरसोबाच्या वाडीला ‘दक्षिणद्वार’ एवढा शब्द कानावर आला, की कृष्णामाई उत्तरेच्या दाराने आत येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडली, हे म्हातारी-कोतारीही ओळखतात आणि स्नानाला निघतात. आकड्यात आणि शब्दात इतके सांगता येते, हे ज्या मुलखाला ठाऊक आहे, त्या मुलखातल्या पोरीला दोन हजार शब्द लिहायला लावतो कोण?

हे विचारायला मी तिच्या गाईड सरांकडे गेलो. माणूस सज्जन. त्यांनी चहा दिला आणि तीन मुद्दे दिले.

पहिला : “मोकळी जागा दिसली की परीक्षक म्हणतात, काम झालेलं नाही.” मी म्हणालो, “सर, उसाची सरीसुद्धा चार-साडेचार फुटांची सोडतात. मोकळी जागा बघून कोणी म्हणतं का, शेतकरी लागण करायला विसरला?”

दुसरा : “भाषा शास्त्रीय हवी.” मी म्हणालो, “हवीच. पण ‘मृदा’ म्हटल्याने मातीतले मीठ कमी होत नाही. पारिभाषिक शब्द जिथे लागतो तिथे ठेवा. जिथे नुसता मिरवायला आहे तिथून काढा.”

तिसरा मुद्दा मात्र असा होता की मी बशी खाली ठेवली. सर म्हणाले, “तुम्ही म्हणता तसं मोठ्या अक्षरात ‘पाइप घाला, क्षार जातील’ असं लिहिलं आणि उद्या कुणी कर्ज काढून पाइप घातले, आणि त्याच्या रानाला पाणी काढून द्यायला ओढाच नसला, तर? हिने दोनच रानं तपासलीत. तो ‘संभवतो’ उगाच नाही आलेला.”

खरे सांगतो, कर्जखात्यात काम करून हे मला सुचले नव्हते. घरी येऊन पुतणीला सांगितले. ती म्हणाली, “काका, तेच मी म्हणत होते. एका ठिकाणावरून ठोकून सांगता येत नाही.”

“मग जेवढं ठोकून सांगता येतं तेवढंच सांग,” मी म्हणालो, “आणि जे सांगता येत नाही तेही तेवढ्याच ठळक सांग. ‘संभवतो’ म्हणून दोन्ही झाकू नकोस.”

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. अवघड शब्दांची गर्दी ही पुष्कळदा सावधगिरी नसतेच; ती पळवाट असते. कोणी पकडले तर “तसं आम्ही म्हटलं नव्हतं” म्हणायला सोय. आमच्या बँकेतही बारीक अक्षरांचा उपयोग हाच. खरा सावध माणूस मर्यादा मोठ्याने सांगतो.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही बसलो. पोरगी लॅपटॉपवर, मी तिच्या मागे, अण्णा उंबऱ्यावर. नियम मी केला : अण्णांना उंबऱ्यावरून वाचता आले पाहिजे. त्यांना जे वाचता येत नाही ते मोठे करायचे, नाहीतर काढायचे.

पहिल्यांदा ऊस तोडला. पार्श्वभूमी पांढरी, अक्षर काळे. मग शीर्षक. तीन ओळी गेल्या आणि आले : ‘निचरा झाला, क्षार निम्मे झाले’. त्याखाली तेवढ्याच ठसठशीत अक्षरांत : ‘दोन रानांची, दोन पावसाळ्यांची तपासणी. पाणी काढून द्यायला ओढा-नाला हवाच.’ अण्णा उंबऱ्यावरून म्हणाले, “आता कसं!”

अक्षराच्या मापावरून वाद झाला. इंग्रजी पुस्तकांत म्हणतात, मजकुराचे अक्षर चोवीस पॉइंटाच्या खाली नसावे. पण आपल्या देवनागरीत त्याच मापात वेलांट्या, मात्रा आणि उकार बसवायचे, म्हणून मूळ अक्षर बारीक पडते. तेव्हा माप वाढवले आणि दोन ओळींत अंतर सोडले, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराशी भांडतो. सहा तक्त्यांचा एक आलेख झाला. त्यात दोनच रेषा, आमचे रान आणि शेजारचे. रेषांची नावे रेषांवरच लिहिली, कोपऱ्यात रंगांची यादी नाही. एक रेषा लाल, एक हिरवी होती. ती बदलून निळी आणि नारिंगी केली, कारण काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. आलेखावर चारच्या आकड्याला एक आडवी रेघ मारली, कारण विद्युतवाहकता चारच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. ही रेघ म्हणजे आमच्या रानाचा राजाराम बंधारा. कुठली रेषा वर आणि कुठली खाली, हे आता वहिनींनीही स्वयंपाकघराच्या दारातून सांगितले. एस-थ्रीचे पुन्हा ‘ओढ्याकडचे रान’ झाले. बोधचिन्हे सातावरून एकावर आणली. बाकीचे सगळे चौकोनात घालून कोपऱ्यात ठेवले. शब्द मोजले : एकशे नव्वद. पहिल्या पोस्टरचे पैसे मात्र फुकट गेले. ते पोस्टर अण्णांनी वैरणीवर झाकायला नेले. तिथे ते उत्तम काम देते.

स्पर्धेत काय झाले म्हणाल, तर उत्तेजनार्थ. पहिला नंबर आला त्या पोस्टरला अकरा बोधचिन्हे होती. मी काही बोललो नाही. पण पोरगी घरी आली ती फुलून आली होती. कारण दुपारी मुलांबरोबर आलेले दोन पालक तिच्या पोस्टरपुढे थांबले होते. एकाने विचारले, “आमच्या रानाला ओढा न्हाई, मग कसं करायचं?” दुसरा म्हणाला, “शेजारी पाइप जाऊ देईना तर?” अर्धा तास बोलणे चालले. पोरीला दोन्ही प्रश्नांची अर्धीच उत्तरे येत होती. पण प्रश्न आले! दोन हजार शब्दांच्या पोस्टरला कोणी प्रश्न विचारत नाही, “छान आहे” म्हणून पुढे जातात. ‘छान आहे’ ही संशोधनाला वाहिलेली श्रद्धांजली असते.

आणि अण्णा? त्यांनी दुसरे पोस्टर गुंडाळून काखेत मारले आणि ओढ्यापर्यंतच्या चारही शेजाऱ्यांच्या सोप्यांत टांगून दाखवले. एकट्याच्या रानाला निचरा निघत नाही, पाइप चौघांच्या बांधाखालून जावी लागते. तीन तयार झाले. चौथा म्हणाला, “इचार करतो.” आमच्याकडे ‘इचार करतो’ म्हणजे पुढच्या सुगीला होय.

परवा अण्णा कर्जाचा अर्ज न्यायला बँकेत आले. मी मोठ्या रुबाबात अर्ज पुढे केला. पाने चौदा. अण्णांनी चष्मा लावला. पहिले पान वाचले, दुसरे उलटले, तिसऱ्यावर थांबले. माझ्याकडे बघितले. मग सगळ्या काउंटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“का रं, पोरीला शानपन शिकवत हुतास न्हवं? मग ह्येचं पोस्टर कवा करतूस?”

मी मान खाली घातली आणि शिक्का शोधू लागलो.